साताऱ्याचा डोंगर, फ्रायबुर्गहून बघताना

पावसाळा लागला की साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दरवर्षी तोच वाद पेटतो. जिल्हा प्रशासनाचा आदेश येतो: धबधबे आणि धोक्याची ठिकाणं पर्यटकांना बंद, मोडाल तर गुन्हा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल माणसांसकट कोसळला. दोन्ही घटना पुणे जिल्ह्यातल्या, पण धसका सगळ्या घाटमाथ्यानं घेतला आणि तो घेण्यासारखाच होता. आदेशाचा फोटो गटावर पडायचा अवकाश, तीन तट पडतात. परदेशात असलेले बरेचजण म्हणतात, बंदच ठेवा, आपल्या लोकांना शिस्त नाही. कास रस्त्यावर छोटं हॉटेल चालवणारा आमचा वर्गमित्र म्हणतो, या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघतं, तुमचं काय जातंय बोलायला. तिसरा तट म्हणतो, बंद कशाला, चौपदरी रस्ते करा, काचेचे पूल करा, रोपवे करा, साताऱ्याचं स्वित्झर्लंड करून टाका.

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते. श्वार्त्सवाल्डचा, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टचा, डोंगर शहराला टेकलेला आहे. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की झाडी सुरू होते. स्वित्झर्लंडची हद्द इथून तासाभरावर. त्यामुळे "तिकडं कसं असतं ते तू सांग" असं गटावर मलाच म्हणतात. सांगते. पण मला जे वाटतं ते तिन्ही तटांना पटेल असं नाही. साताऱ्याच्या डोंगरासाठी नमुना शोधायला युरोपात यायचं कारण नाही, तो आपल्याच फुलांच्या कास पठाराच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलेला आहे. युरोपाकडून घेण्यासारखं जे आहे ते वेगळं आहे, आणि रोपवेपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

आधी बंदीचं बघू. बव्हेरियात बेर्ख्तेसगाडेन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात क्योनिग्झे हे खोल, हिरवं तळं. तळ्याच्या वर, कड्याच्या अगदी टोकाला, धबधब्याच्या पाण्यानं खडकात डोह कोरलेत. डोहात उभं राहिलं की खाली सगळं तळं दिसतं. या जागेचे फोटो मोबाइलवर फिरले आणि लोक लोटले. चोरवाटा पडल्या, झाडोरा तुडवला गेला, कचरा साचला. २०१९ मध्ये तिथं दोन तरुण बुडून गेले. जर्मनीतली शिकलेली, कचऱ्याचे चार डबे वेगळे ठेवणारी माणसंच होती ही. म्हणजे रील बघून कड्याच्या टोकाला जायची हौस कुठल्या एका देशाची नाही, आणि "आपल्या लोकांना शिस्त नाही" हे वाक्य उच्चारून प्रश्न संपत नाही.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं. २०२१ मध्ये उद्यानानं त्या डोहांचा परिसर पाच वर्षांसाठी बंद केला. तेवढाच परिसर. बाकीचं उद्यान उघडं, तळ्यातल्या होड्या चालू. कारण लेखी सांगितलं की तुडवलेली जमीन आणि झाडोरा परत धरायला इतका वेळ हवा. मोडणाऱ्याला जबर दंड. आमच्याकडचा आदेश सरसकट असतो. जिथं कठडे आहेत, बघायला गॅलरी आहे, गावातली माणसं उभी असतात अशी जागा, आणि आडरानातला शेवाळलेला कडा, दोन्ही एकाच ओळीत बसतात. पाऊस ओसरतो, आदेशाची मुदत संपते, पुढच्या जूनपर्यंत सगळे विसरतात. पुढच्या जूनला तोच मजकूर, तारीख बदलून.

बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. साताऱ्याचा पाऊस ज्यानं बघितलाय तो असं म्हणणार नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. फ्रायबुर्गला वर्षभरात पडतो साधारण ९०० मिलिमीटर. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला, माणसं गाडली गेली. असल्या पावसात भांबवलीच्या वजराई धबधब्याखाली कुणी जाऊ नये, हे सांगायला आदेश लागतोच. तीन टप्प्यांत ५६० मीटर कोसळणारं पाणी आहे ते. पण आदेश काढून झाल्यावर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत त्या वाटेवर काय काम झालं, हा प्रश्न गटावर कुणी विचारत नाही. पायऱ्या बांधल्या का? पाणी वाढलं की खालच्यांना कळवायची काही सोय केली का? गावातल्या पोरांना दोरखंड आणि प्रथमोपचार शिकवला का, आणि शिकवला तर त्यांना पगार कोण देणार? इथं ट्रीबेर्ग नावाच्या गावात एक धबधबा आहे, सगळा उतार मिळून १६३ मीटर. म्हणजे वजराईच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. गाव त्याला तिकीट लावतं, आणि वाट, कठडे, पाट्या सगळं बारमाही राखलेलं असतं. तो बघायला लोक जपानहून येतात. वजराईला बघणारे कमी पडतील अशी भीती कुणी बाळगू नये.

आता कासबद्दल, कारण सगळी गोम तिथं आहे.

मी गणपतीला घरी येते. जमेल तेव्हा दादाबरोबर पहाटेच कासला जाते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर. समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवरचं हे जांभ्याचं पठार. वर मातीचा थर इतका पातळ की झाड धरतच नाही. धरतात ती चार महिन्यांची रोपं, आणि त्या चार महिन्यांत ती सगळं आयुष्य उरकतात. पठारावर साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. तेरडा आणि सोनकी लांबून दिसतात, फोटो त्यांचेच निघतात. पण गुडघे टेकून बसलं तर खरी गंमत दिसते. खडकाच्या खळग्यात पाण्याचा नुसता पापुद्रा साचलेला, त्यातून दोऱ्यासारखा दांडा वर आलेला आणि टोकाला निळं-जांभळं फूल. सीतेची आसवं. हे रोप किडेखाऊ आहे. ओल्या मातीत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी तोंड उघडून त्याला आत ओढते. जांभ्यात नत्र मिळत नाही म्हणून ही तजवीज. शेजारीच डबक्यात वायतुऱ्याचे तुरे. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण ते मूळचं याच पठारांवरचं.

मागच्या खेपेला आम्ही असं बसलो असताना एक गृहस्थ फोटोसाठी पायवाट सोडून खडकावर गेले. पठारावर उभी असलेली पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, डोक्याला रुमाल, तिथूनच म्हणाली, "काका, पाय मागं घ्या. तुमी उबं हाय तितं फुडच्या वर्साचं बी हाय." काका ओशाळले, मागं आले. मग तिनंच त्यांना वाटेच्या कडेचं तेच फूल दाखवलं आणि किड्याची सगळी गोष्ट सांगितली. ती शेजारच्या एकीव गावची. तिचे आजोबा या पठारावर गुरं चारायचे.

कासची ही व्यवस्था काय आहे ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून सांगते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. महाराष्ट्रातल्या त्यात चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. बातमी फुटली आणि सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग हलेना. लोक फुलांत लोळून फोटो काढायला लागले. तेव्हा कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन समित्या वनखात्याबरोबर पुढं आल्या. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, प्रवेशशुल्क, गाड्या लांब लावायच्या आणि तिथून मिनीबसनं यायचं. फाटकावर, वाहनतळावर, पठारावर जी माणसं उभी असतात ती याच गावांतली. शुल्काचा पैसा याच कामात आणि गावात फिरतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मधल्या काळात पठाराला जाळीचं कुंपण घातलं आणि चराई थांबवली. गवत माजलं, फुलं दबली, अशी तक्रार आधी गावकऱ्यांनीच केली, मग अभ्यासकही तेच म्हणू लागले, आणि शेवटी जाळी काढली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की चूक झाली, दिसली आणि दुरुस्त झाली. रोज तिथं उभी असणारी माणसं हाताशी होती म्हणून ती दिसली. मुंबईत कचेरीत बसून जाळीपलीकडचं गवत दिसत नाही. फ्रायबुर्गहूनही दिसत नाही.

दुखणंही सांगते. समितीचा अधिकार पठारापुरता. खाली यवतेश्वरपासून कासपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर फोडून बांधकामं उठली, त्यांतली कैक विनापरवाना असल्याचं वर्षानुवर्षं छापून येतंय. फुलाला धक्का लागू नये म्हणून एकीवची मुलगी उन्हापावसात उभी राहते, आणि चार किलोमीटर अलीकडे जेसीबी अख्खा उतार खरवडून नेतो. ज्या कास तलावाचं पाणी सातारकर पितात त्याच्याच अंगाखांद्यावर हे चाललंय. इथं मला राग येतो, आणि तो राग तीन हजारांतल्या कुठल्या पर्यटकावर नाही.

परदेशातल्या आमच्या तटाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जंगली जनावरांच्या बाबतीत युरोपानं आपल्याला शिकवावं अशी परिस्थिती नाही. मे २००६ मध्ये इटलीकडून एक अस्वल बव्हेरियात शिरलं. जर्मनीच्या जंगलात दीडशेहून अधिक वर्षांनी आलेलं पहिलं अस्वल. वर्तमानपत्रांनी त्याचं ब्रूनो असं नाव ठेवलं. त्यानं मेंढ्या मारल्या, कोंबड्या खाल्ल्या. २६ जूनला त्याला गोळी घातली. एवढा श्रीमंत देश, आणि एक अस्वल काही आठवड्यांपलीकडे सोसवलं नाही. श्वार्त्सवाल्डमध्ये एखादा लांडगा आला तरी मेंढपाळांच्या सभा, आंदोलनं, वर्तमानपत्रांची पानं. आणि हे जंगल तरी केवढं? जुनी झाडी जहाजांसाठी, कोळशासाठी कधीच तुटली. आजचा बराचसा भाग माणसानं ओळीनं लावलेल्या सूचिपर्णींचा.

उलट जावळी-पाटणच्या वाड्यांवर बघा. रात्री नाचणीच्या खाचरात गवे उतरतात. कराडच्या उसात बिबट्या पिल्लं घालतो. कोयनेच्या जंगलात अस्वल आहे, रानकुत्री आहेत, सांबर, भेकर, शेकरू आहे. हे सगळं सोसणाऱ्या माणसाकडे ब्रूनोला मारणाऱ्या देशाएवढी काय, अख्ख्या वर्षाचीसुद्धा बेगमी नसते. तरीही जनावर टिकलं. कायद्याचा धाक आहेच, पण नुसत्या धाकानं असं टिकत नाही. देवराईतली काठी न उचलणारी, गव्याला वाट देऊन बांधावर थांबणारी माणसं इथं आहेत, आणि जंगल राखण्याच्या हिशेबात त्यांचा वाटा कुठंच लिहिला जात नाही.

वाघाचंही आता तेच होणार. कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळ्याला लागून असलेलं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला, ११६५ चौरस किलोमीटरचा. वर्षानुवर्षं तिथं वाघाची नुसती चाहूल होती. मग दक्षिणेकडून चालत आलेले नर कॅमेऱ्यात दिसू लागले, आणि २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. ही बातमी वाचून मला इथं रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. दुसऱ्या दिवशी गटावर मात्र पहिला प्रश्न होता, सफारी कधी सुरू होणार आणि रिसॉर्टला जागा कुठं घ्यावी. शिराळा-पाटणच्या ज्या माणसाच्या गोठ्याशी ही वाघीण फिरणार, त्याचं नाव त्या चर्चेत एकदाही आलं नाही.

बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर होडीवाल्यांशी बोललात तर हा धागा कुठवर मागं जातो ते कळतं. कोयना धरण १९६४ मध्ये पुरं झालं. १०५ टीएमसी पाणी, आणि टप्प्याटप्प्यानं १९६० मेगावॉट वीज. महाराष्ट्राचे कारखाने या पाण्यावर उभे राहिले. पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झालं. १९८५ मध्ये उरलेल्या डोंगरावर अभयारण्य आलं, मग व्याघ्र प्रकल्प. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून कोयनेचे धरणग्रस्त आजही, तिसऱ्या पिढीत, धरणे धरून बसतात.

वासोट्याच्या किल्ल्याला जाताना आमच्या होडीवर साठीचे एक काका होते. मधोमध आल्यावर त्यांनी इंजिन मंद केलं आणि हातानं दाखवलं, "ताई, हितं आमचं गाव. उन्हाळ्यात पानी लई उतरलं तर देवळाचा चौथरा दिसतो." मी विचारलं, या नव्या पुलांचं, प्रकल्पाचं काय वाटतं? ते जरा थांबले. "पूल पायजेच की. बाळंतिणीला न्यायला रात्री होडी काडायची म्हंजी काय असतं, तुमाला काय सांगू. पर आज्याला धरनानं उटिवलं, बापाला अभयारन्यानं. आता हाटेलवाल्यानं आमाला उटवू नये, येवडंच." वासोट्याला जायला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात तो बंद असतो, दिवस मावळायच्या आत परत यावं लागतं. या सगळ्या नियमांबद्दल काकांची काही तक्रार नव्हती. होड्या गावकऱ्यांच्याच आहेत, पाळी लावून चालतात.

ते ज्या प्रकल्पाबद्दल बोलत होते त्याचं नाव नवीन महाबळेश्वर. २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सातारा, जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतल्या कितीतरी गावांचं नियोजन सोपवलं गेलं, पुढं आणखी गावं जोडायचं ठरलं. हेतू सांगितला जातो तो असा की जुन्या महाबळेश्वरवरचा ताण कमी व्हावा आणि खोऱ्यातल्या पोरांना मुंबईला माथाडीच्या कामाला जावं लागू नये. दुसरा हेतू शंभर टक्के खरा आहे. जावळीच्या घराघरातला कर्ता पुरुष नवी मुंबईत आहे. रोजगार नको असं फ्रायबुर्गच्या उबेत बसून मी म्हणणार नाही. पण महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून केंद्र सरकारनं ठरवलेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे, बांधकामावर नियम आहेत, तरी मे महिन्यात वेण्णा तलावाच्या रस्त्यावर गाड्यांत अडकून बसलेला माणूस सांगेल तिथं काय झालंय. कायदा असताना जे राखता आलं नाही, ते आणखी शेकडो गावांत पसरवण्याआधी कासनं काय केलं ते बघितलं पाहिजे.

आणि इथं मला युरोपाकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. श्वार्त्सवाल्डमधल्या बऱ्याच गावांत मुक्काम केला की माणशी, रात्रीमागं थोडा कर द्यावा लागतो. तो गावाकडे जातो. त्याच्या बदल्यात यजमान पाहुण्याला एक कार्ड देतो, आणि ते दाखवलं की शंभराहून अधिक गावांमधल्या बसा आणि आगगाड्या मुक्कामापुरत्या फुकट. कोनुस म्हणतात त्या कार्डाला, २००५ पासून चालू आहे. यातली युक्ती बघा. पाहुणा गाडी सोडून बसनं फिरतो, म्हणून बसला प्रवासी मिळतात. प्रवासी मिळतात म्हणून बस वाडीपर्यंत जाते. बस जाते म्हणून तिथली म्हातारी दवाखान्यात जाऊ शकते. काचेचा पूल याच्यातलं काहीही करत नाही. डोंगरातल्या हजारो किलोमीटरच्या पायवाटांवर खुणा रंगवतात ते १८६४ पासून चालत आलेल्या एका डोंगरभटक्यांच्या संघाचे सभासद, फुकट. साताऱ्यात गड राखणाऱ्या पोरांचे गट हेच काम करतायत, त्यांना फक्त वनखात्याचा कागद आणि रंगाचे डबे पाहिजेत.

याचा अर्थ इथं सगळं गोडीगुलाबीनं होतं असा नाही. २०१४ च्या १ जानेवारीला इथं राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे १०० चौरस किलोमीटरचं. त्याच्या आदल्या वर्षी आसपासच्या गावांनी मतदान घेतलं होतं आणि मोठ्या बहुमतानं नको म्हटलं होतं. झाडांना लागणारी कीड आमच्या खासगी जंगलात येईल, लाकडाचा धंदा बुडेल, ही भीती. सरकारनं तरीही उद्यान केलं. फरक एवढाच की मतदान झालं, आकडे सगळ्यांसमोर आले, आणि मग उद्यानाच्या कडेनं कीड रोखायचा पट्टा आखून द्यावा लागला. आजही तिथले म्हातारे कुरकुरतात, पण आपल्याला विचारलंच नाही असं त्यांना म्हणता येत नाही.

आपल्याकडे २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यात एक कणा होता, की कुठं काय चालावं हे ग्रामसभांना विचारून ठरवा. तो अहवाल विकासविरोधी म्हणून बदनाम झाला. मग त्याचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती, तिच्या आधारानं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणारे केंद्राचे मसुदे. त्यातला सहावा ३१ जुलै २०२४ चा, सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र सांगणारा. मसुद्यामागून मसुदा, आणि प्रत्येक वेळी गावात अफवा तीच: आता घराला कौल घालायलाही परवानगी लागणार. अफवा पसरते कारण मूळ कागद मराठीत, चावडीवर, कुणी समजावून सांगितलेला नसतो. पर्यावरणवादी म्हणून मला गाडगीळांचा अहवाल जवळचा. पण त्याच अहवालातली ग्रामसभेची अट आपल्याच बाजूचे लोक सोयीनं विसरतात, हेही मी बघितलंय. "गावकऱ्यांना काय कळतं" हे वाक्य मी ठेकेदाराच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं तितकंच निसर्गप्रेमींच्या तोंडूनही.

ज्यांना हे स्वप्नाळू वाटतं त्यांनी सांगलीचं सागरेश्वर बघून यावं. देवराष्ट्र्याजवळ, कमी पावसाच्या उघड्याबोडक्या टेकड्या होत्या त्या. धों. म. मोहिते यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून झाडं लावली, हरणं वाढवली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण माळावर मुद्दाम उगवलेलं. जिथं काहीच नव्हतं तिथं लोकांनी जंगल केलं. कोयनेत तर सगळं आहे.

तेव्हा दादाशी, वर्गमित्राशी, गटाशी मी जे भांडते ते इतकंच. नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात प्रत्येक मुक्कामामागं एक शुल्क धरा आणि ते थेट त्या गावच्या समितीच्या खात्यात जाऊ द्या, जिल्ह्यात नको, मुंबईत तर नकोच. होडी, खोली, वाटाड्या, वाहनतळ यांवर पहिला हक्क धरणग्रस्तांचा, कागदावर. कासच्या समितीचा अधिकार पठारावर थांबतो, तो खाली रस्त्याच्या उतारांपर्यंत आणा, म्हणजे जेसीबी आला की एकीवच्या मुलीला त्यालाही पाय मागं घे म्हणता येईल. दादाचं म्हणणं, आधी रस्ता, बाकी मागून. त्याचं निम्मं मला मान्य आहे. रुग्णवाहिका आणि एसटी समोरासमोर आली तरी सुखरूप जाईल एवढा रस्ता पाहिजे आणि तो आजच पाहिजे. चौपदरी कशाला, हे तो मला अजून पटवू शकलेला नाही.

आणि एक गोष्ट याच सप्टेंबरात करून बघता येईल, तिला आराखडा लागत नाही. फुलांच्या मोसमात शनिवार-रविवार सातारा ते बामणोली रस्त्यावर बाहेरच्या खासगी गाड्या बंद ठेवा. फक्त एसटी आणि गावच्या जीपा, दर अर्ध्या तासाला. मी हे गटावर लिहिलं तेव्हा वर्गमित्र आधी चिडला, धंदा बुडेल म्हणाला. रात्री त्याचा वेगळा निरोप आला: एसटी माझ्या दारात थांबणार असेल तर मी तयार आहे. थांबली पाहिजे. कुठं थांबायचं ते त्या रस्त्यावरच्या गावांनी बसून ठरवावं.